न्हाणीच्या पाण्यापासून सुरू झालेली आमची वाटचाल

साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात वाढलेल्या माणसाला पाणी वाया गेलेलं बघवत नाही. आमच्या घरामागं न्हाणीच्या पाण्याचं डबकं साचायचं आणि तिथनं दहा पावलांवर आईचं लिंबू उन्हाळ्यात वाळायचं. मी प्लंबिंगची कामं करत होतोच, म्हटलं हे पाणी झाडाला नेऊया, आणि पहिला सेट घरीच बसवला.

तो फसला. पाणी टाकीत साठवून ठेवलं, तिसऱ्या दिवशी वास सुटला, ड्रीपरमध्ये केस आणि तेलकट थर बसला. तेव्हापासून आजचं पाणी आजच झाडाला. आता आम्ही आधी तेल अन् केस अडवणारी पेटी बसवतो, मग खडी-वाळूचा वाफा, त्यात कर्दळ, मग ड्रीप. कर्दळीच्या मुळांशी आणि खडीवर जे जिवाणू वाढतात तेच घाण खातात.

जलजीवन मिशन माणशी रोज 55 लिटर धरतं, म्हणजे पाच माणसांच्या घरात संडासाचं पाणी पूर्ण वगळलं तरी दीडशेच्या आसपास लिटर हाताशी राहतं, एवढ्यात दोन-चार केळी, शेवगा, लिंबू निघतात.

पण एक गोष्ट आम्ही कुणालाच करून देत नाही. एका दादांना या पाण्यावर कोथिंबीर करून विकायची होती, चांगली ऑर्डर होती, तरी नाही म्हटलं, कारण पाणी नितळ दिसलं म्हणून जंतू गेले असं होत नाही आणि कोथिंबीर तर कच्चीच खातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या सूचना पण हेच सांगतात, नुसत्या फिल्टरवर विसंबू नका, पीक कुठलं, पाणी कसं देता, काढणीआधी किती दिवस बंद करता हे सगळं धरा. म्हणून फवारा नाही, पाणी बुडाशीच. घरात तान्हं बाळ असेल तर लंगोट धुतलेलं पाणी शोषखड्ड्याकडं वळवायला वेगळा वॉल्व्ह देतो, त्याचे पैसे घेत नाही.

धुण्याचा सोडा जास्त वापरणाऱ्या घरात आळ्यात पांढरी खपली धरते, जमीन कडक होते, तिथं अधूनमधून साधं पाणी द्यायला सांगतो.

नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं युनिसेफसोबत मध्य प्रदेशात धार-झाबुआच्या आश्रमशाळांत अंघोळीचं पाणी गाळून परत वापरात आणलं होतं, ते वाचल्यापासून वसतिगृहाचं काम करायची फार इच्छा होती. आता एक मिळालंय, खड्डे खोदून झालेत, कर्दळीचे कंद पोरांकडूनच लावून घेणार आहोत.