देश सुटला, शिकवणं नाही

आज वर्गात तांब्याची खनिजं शिकवताना डोमेकाइटचा उल्लेख आला आणि मग ज्यांच्यावरून या खनिजाला नाव मिळालं, त्या इग्नात्सी डोमेयकोंबद्दलच मी बोलत राहिले. जन्म १८०२. रशियाविरुद्धच्या पोलिश उठावात लढले, हरल्यावर देशाला मुकले. पॅरिसमध्ये खाणकामाचं शिक्षण घेतलं आणि १८३८ मध्ये थेट चिलीतलं कोकिंबो गाठलं, रसायन आणि खनिजशास्त्र शिकवायला! अँडीजच्या रांगा पालथ्या घातल्या, पुढे चिली विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तेही तब्बल १६ वर्षं. स्वतःचा देश हिरावलेल्या माणसानं परक्या मुलांसाठी आयुष्य वेचावं, याचंच मला फार अप्रूप वाटतं.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, ते परत घरी गेले का हो?"

गेले, १८८४ मध्ये, ऐंशी उलटल्यावर. चार वर्षांनी पुन्हा चिलीला आले आणि १८८९ मध्ये सांतियागोत वारले.