लोणारचं देऊळ, दोन डोळ्यांनी

मेजर रॉबर्ट गिल म्हटलं की अजिंठा आठवतो; तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला या इंग्रज अधिकाऱ्याने केल्या. पण या माणसाने वऱ्हाडातल्या देवळांचेही फोटो काढले. १८६४ साली लंडनला त्याच्या शंभर जोडचित्रांचं पुस्तक निघालं, वर्णन वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसनचं. त्यात आपलं लोणार आहे. जोडचित्र म्हणजे किंचित बाजूला सरकून घेतलेले दोन फोटो. दोन भिंगांतून एकत्र पाहिले की देऊळ कागदातून उठून येतं. हे मोबाइलवर जमतं का, ते बघायला डिसेंबरात गेलो.

मेहकरहून एसटी, अंतर पंचवीसेक किलोमीटर. लोक आधी सरोवराकडे धावतात. तुम्ही सकाळीच गावातलं दैत्यसूदन मंदिर गाठा. उन्हं तिरपी असतात तोवरच कोरीवकाम उठून दिसतं, दुपारी सगळं सपाट. भिंत कोपऱ्याकोपऱ्यांनी पुढेमागे गेलेली, म्हणून जोडचित्राला याच्याइतकं सोयीचं देऊळ नाही.

एक फोटो काढायचा, मोबाइल तीन-चार बोटं उजवीकडे सरकवायचा, दुसरा काढायचा. वर-खाली हलवायचा नाही. मधल्या वेळात शेळी चालत गेली तर जोडी बाद! माझ्या दोन गेल्या. शिवाय पहिल्या जोडीत डावा-उजवा उलटा लावला, तर कोपरे बाहेर यायचे ते आत घुसले.

पायरीवरचे आजोबा बराच वेळ बघत होते. "काहो भाऊ, येकच फोटो किती खेपा काहाडता?"

"एक डाव्या डोळ्याचा, एक उजव्याचा, बाबा."

"मंग चष्मा लावा ना!"

आतल्या छतावर नरसिंह आहे, पण अंधार. परवानगी विचारून मोबाइल फरशीवर उताणा ठेवला, टायमर लावला, मग तीन बोटं सरकवला. दिवसातली सगळ्यात चांगली जोडी हीच. ट्रायपॉड नेऊ नका. संरक्षित स्मारक आहे, त्याला वेगळी परवानगी लागते.

गिलच्या काळी काचेला रसायन लावून ती ओली असतानाच फोटो काढायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायचा, अशी पद्धत होती. वऱ्हाडच्या उन्हात काच किती लवकर वाळत असेल! माझी तक्रार फक्त बॅटरीची. पॉवर बँक न्या, आणि दुपारी सरोवरात उतरणार असाल तर पाणी वरूनच भरून घ्या. खालचं खारं आहे.