सुरमई १:१० : डिझेल संपत जातं तशी टाकी सुरातून जाते

ज्या टाकीनं रोल (बोटीचं डावी-उजवीकडे डोलणं) कमी करायचा, तिनंच तो वाढवला. सुरमई या लांब पल्ल्याच्या मोटरबोटीचं एक-दशांश मॉडेल आपण तपासतोय, आणि तिच्यावरच्या आडव्या टाकीतलं पाणी इकडून तिकडे वाहून झोका मोडेल अशी कल्पना आहे. गेल्या वेळी फुल लोडचे आकडे दिले होते: बाजूनं येणाऱ्या लाटेत टाकी रिकामी असताना १६ अंश, पाणी भरल्यावर ७. ते पुन्हा मोजून पाहिले, तसेच आले. मग हलमधलं (बोटीच्या अंगातलं) इंधनाऐवजी ठेवलेलं वजन जवळजवळ सगळं काढलं, म्हणजे लांबच्या पल्ल्याच्या शेवटी बोट जशी असेल तशी केली, आणि तीच लाट लावली. टाकीशिवाय १७ अंश. टाकीसह २०.

एका ओळीत उजळणी: खरी बोट १८ मीटर, वॉटरलाइनवर (पाण्याच्या पातळीला) रुंदी ३.४ मीटर, फुल लोड १९ टन, त्यात ५००० लिटर डिझेल. मॉडेल १.८ मीटर आणि १९ किलो. काळाचं प्रमाण दहाचं वर्गमूळ, म्हणजे मॉडेलमधला एक सेकंद खऱ्या बोटीचे ३.१६ सेकंद.

हे २० अंश इतके का लागले ते सांगतो. रेझिस्टन्सचं, म्हणजे पाण्याच्या विरोधाचं, प्रकरण आता मिटलंय. नाळेपाशी (पुढच्या टोकाला) वाळूची पट्टी चिकटवल्यापासून टोइंगचे आकडे स्थिर येतात आणि खऱ्या समुद्रासाठी वाढीव धरूनही साडेआठ नॉटला मैलामागे सुमारे एक लिटर हा हिशोब टिकतोय. मुंबई ते सेशेल्स सुमारे १७५० सागरी मैल. जाऊन-येऊन ३५०० लिटर आणि वर दीड हजार राखीव. वेग दहा नॉटवर नेला की मैलामागचं इंधन दीडपटीच्या आसपास जातं, म्हणून तो विषय आपण सोडलाय. पण याचा दुसरा अर्थ असा की बोटीच्या वजनाचा पाचवा हिस्सा डिझेल आहे आणि ते वाटेत जळून जाणार. निघताना आणि पोचताना या दोन वेगवेगळ्या बोटी असतात. दोन्ही बोटींत माणसाला झोप लागली पाहिजे, वाफाळत्या भाताचं पातेलं शेगडीवर राहिलं पाहिजे. नाहीतर रेंजचा काय उपयोग?

टाकीच का, हा प्रश्न पुन्हा आला म्हणून थोडक्यात. रॉबर्ट बीबींची लांब पल्ल्याची मोटरबोट 'पॅसेजमेकर' १९६३ साली पाण्यात उतरली, तिला दोन्ही बाजूंच्या दांड्यांवरून पाण्याखालून ओढले जाणारे पंख, म्हणजे पॅराव्हेन, होते. उत्तम चालतात, पण ओढ वाढते आणि आपण ज्या हलसाठी एकेक वॅट वाचवला त्याला ती ओढ जड जाते. स्टीव्ह डॅशूंच्या 'विंड हॉर्स' या मोटरबोटीवर हायड्रॉलिक फिन (हलच्या बाजूचे हलते पंख) आहेत. फिनला वेग लागतो, हलच्या बाहेर आलेला भाग जाळ्यात अडकायची भीती असते, आणि आपल्या किनाऱ्यावर जाळी कुठे नसतात? जायरोला (वेगानं फिरणाऱ्या जड चाकाला) सतत वीज. टाकीला यातलं काही नको. १८८० च्या दशकात फिलिप वॉट्स यांनी ब्रिटिश आरमाराच्या 'इन्फ्लेक्सिबल'वर पाण्याच्या अशा टाक्यांचे प्रयोग केले होते, १९१० च्या सुमारास जर्मनीत फ्राम यांनी यू आकाराची टाकी आणली. कल्पना जुनी आहे, खात्रीची आहे. म्हणूनच ती उलटली तेव्हा चैन पडेना.

पहिला संशय पूलवर. घोडबंदर रोडच्या ज्या सोसायटीचा पूल पावसाळ्यात आपल्याला मिळतो, त्याच्या भिंती सरळ आहेत. लाट जाते, आपटते, परत येते. एक सेकंदाच्या लाटेची लांबी दीड मीटरच्या वर, म्हणजे पूलमध्ये ती दोनचार फेऱ्या सहज मारते. समोरच्या भिंतीला काथ्याच्या जाड चटया उतरत्या बसवल्या, त्यावर शेडनेटच्या गुंडाळ्या. परतीची लाट जवळपास मेली. फरक पडला तो फुल लोडच्या आलेखात, तो आणखी स्वच्छ आला. लाइटचे, म्हणजे इंधन संपलेल्या बोटीचे, २० अंश तसेच.

दुसरा संशय सेन्सरवर, आणि तो बिनबुडाचा नव्हता. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून आणलेले एमपीयू-६०५० चे (कलण्याचा कोन मोजणाऱ्या सेन्सरचे) मॉड्यूल टेबलावर स्थिर असतानाही हळूहळू सरकतात. थोडे पैसे वाचवून पुढे संध्याकाळच्या संध्याकाळ फिल्टर लिहीत बसायचं असेल तर खुशाल घ्या. मी आता बीएनओ०५५ या दुसऱ्या सेन्सरवर गेलोय. महाग आहे, पण कोन आतच हिशोब करून देतो आणि मोटरच्या थरथरीनं बिथरत नाही. त्यानं मोजले तरी २० च्या आसपासच.

तिसरा संशय टाकीतल्या अडथळ्यांवर. तीन मिलिमीटर भोकांची ॲक्रिलिकची जाळी या आकाराला चालत नाही, पाणी भोकांना चिकटून बसतं. खऱ्या बोटीत ते भोक तीन सेंटिमीटरचं असेल, तिथे पाण्याला त्याची फिकीर नसते. जाळी काढून बांबूच्या उभ्या काड्या लावल्या, बार्बेक्यूच्या असतात त्या. फुल लोडला रोल आणखी अर्धा अंश उतरला. लाइटला ढिम्म.

मग पाण्यात निळी शाई घातली, फोन टाकीसमोर बांधला आणि स्लो मोशनमध्ये चित्रीकरण केलं. ज्यांनी टाकी केलीय त्यांनी हे जरूर करावं, आलेखात जे तासभर शोधाल ते इथे एका नजरेत दिसतं. फुल लोडला बोट सरळ उभी असते त्या क्षणी निळा उंचवटा बरोबर त्या बाजूला असतो जी बाजू वर चाललीय. पाणी तिला खाली दाबतं, झोका मोडतो. लाइटच्या चित्रीकरणात उंचवटा घाईत होता. बोट डावीकडे पूर्ण कलायच्या आत पाणी डावीकडे पोचलेलं, आणि ती सगळ्यात जास्त कललेली असताना ते तिथेच भिंतीला टेकून बसलेलं. काड्यांच्या मागे बारीक फेस, कोपऱ्यात पाणी भिंतीवर बोटभर चढलेलं. म्हणजे पाणी झोका मोडत नव्हतं, खालच्या बाजूला वजन टाकून बोट आणखी कलवत होतं.

याचा अर्थ एकच: टाकीचा पीरियड (एक झोका पुरा व्हायला लागणारा वेळ) बोटीपेक्षा छोटा झालाय. टाकी तर तीच आहे. मग बदलली ती बोट.

हे ऐकून दिवाळे गावातले एक तांडेल अजिबात चकित झाले नाहीत. बेलापूरला गेलो की त्यांच्याकडे टेकतो. ते म्हणाले, "बर्फ आणि डिझेल भरून निघालो की बोट झटकन उठते. टाकी संपत आली की आळसावते, कलली की जरा थांबून उठते. पोरांना पाय रोवायला मीच सांगतो." त्या रात्री लाइट मॉडेलची रोल डिके चाचणी घेतली. एका बाजूनं दाबून सोडायचं आणि झोके मोजायचे. फुल लोडला पीरियड ०.९५ सेकंद होता, लाइटला १.०६. खऱ्या बोटीत तीन सेकंदांवरून जवळपास ३.३५.

यामागचं कारण मला फार रंजक वाटलं. कागदावर दोन गोष्टी एकमेकींना खातात. डिझेल तळाशी असतं, ते गेलं की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि जीएम, म्हणजे बोटीला सरळ करणारा जोर ज्यावर ठरतो ती उंची, कमी होतो. पण बोट हलकी झाली की बीएम, म्हणजे त्या उंचीतला हलच्या आकारावर ठरणारा भाग, वाढतो, कारण भागाकारात खाली डिस्प्लेसमेंट (बोटीनं बाजूला सारलेलं पाणी) आहे. डब्यासारख्या सरळ बाजूंच्या हलमध्ये हिशोब जवळजवळ बरोबरीत सुटतो. सुरमईच्या बाजू वर पसरत जातात. बोट पाण्यातून वर उचलली गेली की वॉटरलाइनची रुंदी आक्रसते, आणि बीएममध्ये रुंदीचा घन येतो. ३.४ मीटरचे ३.२५ झाले तरी १२-१३ टक्के गेले. त्यात वजन तळातून गेल्यामुळे उरलेलं वस्तुमान मध्यापासून लांब. पीरियड लांबणारच. अरुंद हल आणि भरपूर इंधन हेच आपलं सूत्र असल्यामुळे हा परिणाम आपल्याला इतरांपेक्षा जास्त भोवतो.

उपाय टाकीतच आहे. टाकीच्या पाण्याचा पीरियड दोन गोष्टींवर ठरतो, रुंदी आणि खोली. उथळ पाण्याचं सोपं सूत्र, म्हणजे रुंदीची दुप्पट भागिले 'जी (गुरुत्वाचं त्वरण) गुणिले खोली' याचं वर्गमूळ, आपल्या खोलीला तीनेक टक्के चुकतं. टॅन्‌एचवालं (हायपरबोलिक टॅन्जंटचं) पूर्ण सूत्र वापरा. आमची टाकी आतून ३० सेंटिमीटर रुंद. ०.९५ सेकंदांसाठी पाणी ४.३ सेंटिमीटर लागतं, १.०६ साठी ३.४. नऊ मिलिमीटरचा खेळ.

सिरिंजनं पाणी काढलं, खोली ३.४ केली, वायपर मोटर चालू केली (कुर्ल्याच्या भंगारातली ही मोटर अजून एकदाही रुसलेली नाही, लाटा उठवणाऱ्या पॅडलसाठी याहून चांगलं काही शोधू नका). रोल ९ अंश. पुन्हा लावली, पुन्हा ९. निळा उंचवटा वर चाललेल्या बाजूला, अगदी जिथे हवा तिथे. लाटा डेकच्या कडेपर्यंत येत होत्या आणि बोट नुसती मान हलवल्यासारखी करत होती. नेरुळचे काका, ज्यांनी उभं आयुष्य जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढलं, पूलच्या कडेला उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "आता हिला घेऊन जा कुठेही."

७ नाही आले, कारण पाणी कमी झालं की त्याचं वजनही कमी. एक लिटरचं आठशे मिलिलिटर राहिलं. त्यात उथळ पाण्यात मोठ्या लाटेला उंचवट्याची भिंत होते आणि ती ठाणकन आपटते. खऱ्या बोटीत ही टाकी केबिनच्या छपरावर असणार, तिच्याखाली कोणीतरी झोपलेलं असणार. म्हणजे काड्यांची आणखी एक ओळ लागेल.

आता खऱ्या बोटीचं. खोली ४३ सेंटिमीटरवरून ३४ वर आणायची, साधारण दर हजार लिटर डिझेलमागे दोन सेंटिमीटरला थोडी कमी. मी टाकीला खुणा करून पट्टी लावायचं ठरवलं होतं: इतकं डिझेल जळालं, इतकं पाणी सोडा. पाणी समुद्राचंच, उतारानं बाहेर जाईल, हवं तेव्हा डेकवॉश पंपानं परत भरता येईल. काकांचं म्हणणं वेगळं होतं: वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) चालवून तळाच्या रिकाम्या टाक्यांत गोडं पाणी भरत राहा, मग पीरियड बदलणारच नाही. मला ते पटत नाही. बोट हलकी होत जाते तसं मैलामागचं इंधन घटतं, ती कमाई ओझं वाहण्यात का घालवायची?

पण खुणांची पट्टीही अपुरी पडेल असं हे लिहितानाच वाटू लागलंय. नुसतं डिझेल थोडंच बदलतं? शिधा संपतो, डेकवर डिंगी चढते, कोणी छपरावर सोलर पॅनेल वाढवतं. पीरियड थेट मोजावा तर टाकी चालू असताना बोट आणि पाणी दोघं मिळून डोलतात, मूळ पीरियड दिसत नाही. रोज टाकी रिकामी करून मोजायचं म्हणजे टनभर पाण्याची रोजची उलाढाल.

त्यापेक्षा त्या निळ्या चित्रीकरणात जे डोळ्यांनी पाहिलं तेच यंत्रानं पाहावं. टाकीच्या एका टोकाला स्टेनलेसच्या दोन समांतर तारा उभ्या लावायच्या, त्यांच्यातला रोध पाण्याच्या उंचीप्रमाणे बदलतो. विजेची दिशा सारखी उलटवत ठेवायची, नाहीतर तारा खातील आणि बुडबुडे धरतील. बीएनओ०५५ चा कोन आणि तारांची उंची यांच्यातला फेज (एक दुसऱ्याच्या किती मागे आहे तो कोन) काढायचा. नव्वद अंश मागे असलं की टाकी सुरात. त्याहून कमी असलं तर पाणी घाईत आहे, खोली कमी करा. जास्त असलं तर भरा. डिझेलची नोंद नको, पट्टी नको, एक दिवा आणि दोन बाण पुरतील. ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलरवर हे आरामात बसतं.

म्हणून बिल्ज कीलचं (रोल कमी करणाऱ्या, हलच्या बाजूंना लावायच्या पट्ट्यांचं) काम पुढे ढकलतोय, आधी तारा. टाकीचं झाकण वागळे इस्टेटमध्ये पुन्हा कापायला दिलंय. त्या लेझरवाल्याचं काम सुबक असतं, क्लोरोफॉर्मनं जोडलेले कोपरे अजून थेंबभरही गळलेले नाहीत. (जोडल्यावर ॲक्रिलिक स्पिरिटनं पुसू नका, कडांना बारीक तडे जातात.) झाकणासोबत तळाला मोठा डम्प व्हॉल्व्हही बसवतोय. मोकळं पाणी जीएम खातंच, तेव्हा खराब हवेत टाकी मिनिटाभरात रिकामी झाली पाहिजे. मॉडेलमध्ये त्याचे १९ सेकंद होतात.

पूल आहे तोवर अर्ध्या लोडची चाचणी आणि पाठीमागून तिरक्या येणाऱ्या लाटा या दोन गोष्टी उरकायच्या आहेत. तिरक्या लाटेसाठी पॅडल कोपऱ्यात फिरवावं लागेल आणि चटया दोन भिंतींना लागतील. काथ्याच्या जुन्या चटया कोणाकडे पडून असतील तर टाकून देऊ नका, ठाणे-कळव्यातून मी येऊन घेऊन जाईन. आणि तारांच्या लाट-मापकावर कोणी आधी काम केलं असेल तर तारांमधलं अंतर किती ठेवलं ते सांगा. मी आठ मिलिमीटरनं सुरुवात करतोय.