उरलेलं राहू दे

मंगळवार, रात्री उशिरा

शनिवारी दुपारी वहिनींचा मेसेज आला. "उरलेलं राहू दे आता. मी सोडलं. मनाला लावून घेऊ नकोस." बस, एवढंच. आज मंगळवार संपत आला तरी मला उत्तर देता आलेलं नाही. निळ्या टिका त्यांना दिसल्याच असतील, म्हणजे मी वाचलंय हे त्यांना माहितीये आणि वाचून गप्प बसलेय हेही माहितीये, आणि हे आठवलं की परत फोन हातात घेते, दोन शब्द टाइप करते, पुसते, ठेवून देते.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. वहिनींकडून घेतलेल्या उसन्या पैशांचे पाच हप्ते सुटले. वहीच्या शेवटच्या पानावर मी बारा चौकोन काढलेत, सातांमध्ये बरोबरची खूण आहे, पाच कोरे. दर १ तारखेला आधी वहिनींचे पैसे, मग बाकी सगळं, हा नियम मी एकदाही मोडला नाही, ताप होता त्या महिन्यातही नाही. दशांश (कमाईचा दहावा भाग, देवाच्या कामासाठी) आधी की देणं आधी यावरून घरात जे झालं ते झालं, पण वहिनींची खूण चुकली नाही. आणि आता त्या म्हणतात राहू दे. मला त्या पाच चौकोनांकडे बघून रडायला येतंय आणि का ते कळत नाहीये.

रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना सुरू झाली. लहानपणापासून तोंडपाठ आहे, झोपेतही म्हणेन. "आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथपर्यंत आले आणि आवाजच बंद झाला. वहिनी पुढच्याच रांगेत होत्या, डोक्यावरचा पदर सारखा करत होत्या. बाकी सगळे पुढे "आमेन"पर्यंत गेले आणि मी "ऋण"वरच उभी.

इतकी वर्षं मी ते ऋण म्हणजे पाप असंच समजून म्हणत आले. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात तीच प्रार्थना आहे तिथे पापांची क्षमा असं सरळ म्हटलंय. मत्तयाकडे मात्र ऋणच आहे. मत्तय स्वतः जकातदार होता, कोणाकडे किती येणं आहे हेच बघत तो नाक्यावर बसलेला असायचा, म्हणून की काय, मला त्याच्या शुभवर्तमानातला हा शब्द आता जास्तच टोचतो.

मला राग आलाय का? हो, थोडा आलाय. कोणी काही सांगितलं असेल का त्यांना? क्रेडिट कार्डाचं सगळं कळलं असेल का? ते एक वर्ष आठवलं तरी पोटात कालवतं. मिनिमम ड्यू भरत राहिले, वाटायचं भरतेय ना मी, पण मिनिमम भरलं तरी उरलेल्या रकमेवर व्याज चालूच असतं, वर नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून चढायला लागतं, आणि मुद्दल जागचं हलत नाही. बायबलच्या नीतिसूत्रांमध्ये म्हटलंय की कर्ज घेणारा कर्ज देणाऱ्याचा दास होतो (२२:७), ते मला त्या वर्षी कळलं, स्टेटमेंट उघडायलाच हात धजायचा नाही. त्यातून बाहेर पडायला वहिनींनी पैसे दिले, बिनव्याजी, लिहून न घेता. लिहिलं मीच, माझ्या वहीत.

आणि सात महिन्यांत त्यांनी एकदाही विचारलं नाही. एकदाही नाही. बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात एक नियम आहे (२४:१०-११), कोणाला उसनं दिलं तर गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरू नको, बाहेर उभा राहा, तो स्वतः आणून देईल. किती बारीक विचार आहे हा. ज्याच्याकडे काही नाही त्याचा निदान उंबरठा तरी त्याचा राहू दे. वहिनी तशाच बाहेर उभ्या राहिल्या सात महिने. मग आता मला असं का वाटतंय की त्या आत आल्या आणि माझ्याकडचं काहीतरी उचलून घेऊन गेल्या?

कारण ते चौकोन माझे होते, म्हणून. खूण केली की मला ताठ उभं राहता यायचं. रविवारी त्यांच्या नजरेला नजर देता यायची. बायबलमधल्या अलीशा संदेष्ट्याच्या गोष्टीतला तो माणूस, लाकडं तोडताना ज्याच्या कुऱ्हाडीचं पातं यार्देन नदीत पडतं, तो पहिल्यांदा ओरडतो काय तर अरेरे, ती उसनी आणलेली होती! माझं लोखंड गेलं, आता काम कसं करू, असं काही म्हणत नाही. लोकांची वस्तू होती, हे पहिलं. मी त्या माणसाला पूर्ण ओळखते. अलीशाने लाकूड टाकलं आणि लोखंड वर तरंगलं, त्याने हात घालून उचललं, म्हणजे तो परत देऊ शकला. त्याला कोणी राहू दे म्हटलं नाही. सुटला बिचारा.

हे लिहिलं आणि अर्धा तास नुसती बसून राहिले.

खरं कारण चौकोन नाहीयेत. आता लिहूनच टाकते, इथे कोणापासून लपवायचं. मी वहिनींवर विश्वास ठेवू शकत नाहीये. म्हणजे त्या खोटं बोलतात असं नाही. पण सोडलं म्हणजे काय होतं हे मला माहितीये, कारण मीही सोडलंय. एकीला दिलेले उसने पैसे. त्या वेळी मीच म्हटलं होतं ना, जाऊ दे गं, माफ केलं, विसर. आणि मग तिने नवीन चप्पल घातली तरी माझ्या मनात आकडा उभा. तिने फिरायला गेल्याचे फोटो टाकले, आकडा. तिने माझ्यासाठी प्रार्थना केली, डोळे मिटून, माझा हात हातात धरून, आणि माझ्या डोक्यात तेव्हाही आकडा. तोंडाने सोडला होता, वहीत तसाच होता. बघितलं आत्ता मागे उलटून, आहे, तारखेसकट, खाली दोन रेघा मारलेल्या.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला तो दास. त्याचं राजाला देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे सहा कोटी दिवस, दीड लाखाहून जास्त वर्षं. आणि तो राजापुढे पडून काय म्हणतो, मला वेळ द्या, मी सगळं फेडीन. सगळं! त्यालाही हप्तेच हवे होते. राजाने वेळ दिला नाही, सगळंच सोडून दिलं, आणि तो बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. मी दर वेळी त्याला दुष्ट म्हणत आले. आज वाटतंय त्याला सुटल्याचं खरंच वाटलं नसेल. तो अजून मनात हप्तेच मोजत असेल आणि कुठूनतरी जमवायला निघाला असेल. मीही तर तेच करतेय, १ तारखेला वहिनींच्या हातात कसे कोंबायचे याचा विचार दोन दिवस चाललाय.

प्रार्थनेत "सोडले आहे" असं आहे. सोडू असं नाही, सोडायचा प्रयत्न करतोय असंही नाही. मी हे किती हजार वेळा म्हटलं असेल आणि वहीत त्या दोन रेघा.

रात्रीचे साडेअकरा. तिचं पान फाडलं. फाडताना मागचं माझ्या हिशेबाचं अर्धं पानही आलं, चौकोनांचं, सहा इकडे राहिले सहा तिकडे. आधी वाईट वाटलं, चिकटवावं का म्हणून बघत बसले, मग म्हटलं असू दे. तिला काही कळवायचं नाहीये, तिला कुठे माहितीये की मी अजून धरून होते. आकडा परत मनात येईल, एका पानाने जाणार नाही, माझा स्वभाव मला माहितीये. आला की परत सोडायचा, दुसरं काय करणार.

वहिनींना शेवटी टाइप केलं, "बरं वहिनी. मला घेता येत नव्हतं म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला." पुढे खूप काही लिहिलं होतं, ते काढलं आणि पाठवलं. एवढ्या रात्री त्या जाग्या असतील असं वाटलं नव्हतं, पण लगेच रिप्लाय आला.

"रविवारी अर्धा तास लवकर ये, गाण्यांची प्रॅक्टिस आहे. आणि माझा चष्मा तुझ्याकडे राहिलाय का बघ."

राहिलाय. पर्समध्येच आहे, गेल्या रविवारपासून.