नाशिक, आणि दोन तासांवरचं घर

आठ महिने झाले घर सोडून, आणि घर दोन तासांवर असताना मी नाशकात चार दिवस लॉजवर काढले. आमचं गाव संगमनेरकडचं, एसटीत बसलं की पोचलं. बसलोच नाही. मिसळ खाल्ली, पांडवलेणीच्या पायऱ्या चढून आलो, मिसळ परत खाल्ली. एवढं झाल्यावर राहिलं ते गंगेवर जायचं (गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात).

तेच टाळत होतो. जुलैत आजोबा गेले तेव्हा मी हिमाचलात, स्पितीतल्या काझाला होतो. घरी सांगितलं रेंज नव्हती. रेंज होती. आईचे अकरा मिस्ड कॉल दिसले, काय झालं असेल तेही कळलं, तरी फोन उलटा ठेवला आणि सकाळी चंद्रतालच्या गाडीत जाऊन बसलो, तिथे खरंच रेंज नसते म्हणजे खोटं निदान अर्धं तरी खरं झालं. तिसऱ्या दिवशी फोन केला. एवढे दिवस फिरताना पैसे कसे पुरतात, पोट बिघडत नाही का, हे सगळे विचारतात, पण खोटं किती सहज बोलायला लागतो हे कोणी विचारत नाही. किती घरांत फुकट जेवलो आणि निघताना 'फोटो पाठवतो काकू' म्हणालो, ते सगळे फोटो अजून मोबाइलमध्येच आहेत.

रामकुंडावर नेहमीची गर्दी. दुतोंड्या मारुतीचा फोटो काढत होतो, पाणी त्याच्या कुठवर चढलं यावरून नाशिककर पूर मोजतात तो. फ्रेममध्ये नुकतंच मुंडण केलेला एक मुलगा आला, हातात फडक्यात बांधलेलं मडकं. फोटो भारी आला होता. डिलीट केला.

मग आमच्या गावाच्या गुरुजींना शोधलं, घराण्यांच्या नोंदींच्या वह्या सांभाळणारे तीर्थोपाध्याय ते. गाव, आडनाव एवढंच विचारलं त्यांनी आणि लांबुळकी वही उघडली. पणजोबांच्या वेळची आजोबांची सही, टपोरी, वर रेघ मारलेली. त्याच्या बऱ्याच खाली जुलैची नोंद, अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या अक्षरात. चुलते, चुलतभाऊ, सगळ्यांची नावं, शेवटी माझंही, आणि पुढे 'बाहेरगावी'.

"तुम्हीच का ते? करा सही. सध्याचा पत्ता पण टाका."

सध्याचा! पेन धरून बसलो, मागे लोक खोळंबलेले. शेवटी गावचाच टाकला.

बाहेर येऊन अण्णांना फोन लावला.

"रामकुंडावर आहे. वही बघितली. तुमची सही वाकडी आलीय."

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"पेन चालत नव्हतं त्यांचं," अण्णा म्हणाले. "किती वाजताच्या गाडीने येतोयस?"

रेंजचं अजून सांगितलेलं नाही.