चौथा झेंडा

मेलबर्नमध्ये नव्याने आलेल्या माणसाला लोक फार चौकशा करत नाहीत. गाव विचारत नाहीत, पगार तर नाहीच नाही. पण "तू कोणाचा?" हा प्रश्न टळत नाही. म्हणजे फूटीत, इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, कोणता संघ तुझा? "अजून कोणाचाच नाही," असं उत्तर मी बरेच दिवस देत होतो, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर, घरदार नसलेल्या माणसाकडे बघावं तशी करुणा उमटत होती.

शेजारचे आजोबा कॉलिंगवूडचे. इथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, पण माझ्या तोंडून ते निघत नाही, तेव्हा इथेही ते आजोबाच. काळे-पांढरे पट्टे, मॅगपाय पक्षी आणि उरलेल्या शहराचा मनःपूर्वक द्वेष ही कॉलिंगवूडची मालमत्ता. आजोबांना या तिन्हींचा सारखाच अभिमान आहे.

विजेत्या संघाला झेंडा मिळतो, म्हणून वर्ष जिंकणं म्हणजे झेंडा घेणं. कॉलिंगवूडने 1927, 28, 29 आणि 30 असे सलग चार घेतले. पुढे तीन सलग बऱ्याच जणांनी घेतले, चौथा अजून कोणाच्याच हाती लागलेला नाही. संघाचं नाव ज्या वस्तीवरून आलं ते त्या काळातलं कॉलिंगवूड म्हणजे बुटांचे कारखाने आणि दाटीवाटीची कामगारांची घरं. कोच जॉक मॅकहेल स्वतः बिअरच्या कारखान्यात नोकरी करायचे. संघाचा सितारा असो की राखीव खेळाडू, मानधन सगळ्यांना सारखं, हा त्यांचा दंडक. कॅप्टन सिड कोव्हेंट्री, आणि त्याचा भाऊ गॉर्डन गोल मारणारा. 1929 मध्ये गॉर्डनने 124 गोल केले. एका मोसमात शंभरी ओलांडणारा व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमधला तो पहिला. नंतर मंदी आली, कारखाने थंडावले, आणि वस्तीला अभिमान धरायला शनिवार दुपार तेवढी उरली.

हे सगळं आजोबांनी पाहिलेलं नाही. त्यांच्या बापाने पाहिलं होतं. आजोबांच्या वाट्याला आलं ते 1958. आणि गंमत अशी की आजोबा ते चारही झेंडे चार वाक्यांत उरकतात, 1958 ला मात्र चहा थंड होईपर्यंत वेळ देतात.

तेव्हा राज्य मेलबर्न क्लबचं होतं. एमसीजी या अवाढव्य क्रिकेट मैदानाशी नातं सांगणारा, प्रतिष्ठितांचा क्लब. कोच नॉर्म स्मिथ, आणि मैदानात रॉन बरासी. बरासीचा बापही याच क्लबकडून खेळलेला, 1941 मध्ये टोब्रुकला युद्धात मारला गेला. पोर पुढे स्मिथच्याच घरी राहून मोठा झाला. मेलबर्नने 1955, 56, 57 चे झेंडे घेतले, आणि 1958 च्या ग्रँड फायनलला समोर नेमकं कॉलिंगवूड आलं. थोड्याच दिवसांपूर्वी मेलबर्नने त्यांना सपाटून हरवलं होतं. दिवस पावसाचा, मैदान निसरडं. मरे वाइडमन आणि बॅरी हॅरिसन या दोघांनी बरासीला धक्के देऊन, डिवचून असं हैराण केलं की त्याचं चित्त खेळावरून उडालं. कॉलिंगवूड 18 गुणांनी जिंकलं.

पुढची दोन्ही वर्षं, 1959 आणि 60, मेलबर्ननेच जिंकली. मधलं ते एक वर्षही मेलबर्नचं धरा, सलग सहा होतात! कॉलिंगवूडने त्या दिवशी स्वतःसाठी एक झेंडा मिळवला हे खरं, पण आजोबांच्या लेखी त्यांनी बापाचे चार झेंडे राखले. (याच 1958 च्या हंगामात आपल्या मुंबईने रणजी करंडक जिंकायला सुरुवात केली आणि पुढे पंधरा वर्षं तो कोणाला शिवू दिला नाही. आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, "पंधरा? बाकीचे काय करत होते?")

बाकीच्यांनी काय करायचं असतं ते कॉलिंगवूडला लवकरच कळलं. त्या विजयानंतर पुढचा झेंडा यायला 32 वर्षं लागली. या मधल्या काळात ते आठ ग्रँड फायनल हरले. 1966 ला सेंट किल्डाकडून एका गुणाने. इथे गोलला सहा गुण, आणि चेंडू बाजूच्या खांबांमधून गेला तर सांत्वनाचा एक. बॅरी ब्रीनच्या पायातून सुटलेला असाच एक वेडावाकडा सांत्वनाचा गुण कॉलिंगवूडला नडला. सेंट किल्डाचा आजवरचा तो एकुलता एक झेंडा.

पण खरी जखम 1970 ची. एमसीजीवर 1,21,696 माणसं, एवढी गर्दी या खेळाने पुन्हा पाहिली नाही. समोर जवळच्याच वस्तीचं कार्लटन, आणि कार्लटनचा कोच कोण? तोच बरासी. मेलबर्न सोडून तो 1965 मध्ये इकडे आला होता, तेव्हा शहर हादरलं होतं. मध्यंतराला कॉलिंगवूड 44 गुणांनी पुढे. कार्लटनच्या अॅलेक्स जेसॉलेंकोने याआधीच ग्रेम जेंकिनच्या खांद्यांवर जवळजवळ उभं राहून चेंडू हवेत टिपला होता. साल्झबर्गमध्ये जन्मलेल्या या निर्वासिताच्या पोराचा तो झेल आजही दाखवतात. दाखवताना गुणफलक दाखवत नाहीत, ही आजोबांची तक्रार आहे आणि ती मला रास्त वाटते.

मध्यंतरात बरासीने खेळाडूंना सांगितलं, लांब लाथा मारणं सोडा. हातावरच्या चेंडूला मूठ मारून जवळच्या साथीदाराकडे द्या आणि पळत सुटा. बाकावर बसलेल्या टेड हॉपकिन्सला आत उतरवलं. त्याने चार गोल ठोकले. कार्लटन दहा गुणांनी जिंकलं. हा हॉपकिन्स जेमतेम आणखी एक सामना खेळला, मग त्याने कविता लिहिल्या, आणि पुढे फूटीची आकडेवारी ठेवणारी कंपनी काढली. आधुनिक फूटीचा जन्म त्या दुपारी झाला असं जाणकार मानतात. आजोबा त्यावर बोलत नाहीत. कुंपणाची झाडं छाटायला घेतात.

1990 मध्ये कॉलिंगवूडने एकदाचा झेंडा घेतला. त्याच वर्षी लीगच्या नावातून व्हिक्टोरिया जाऊन ऑस्ट्रेलिया आलं होतं. वस्त्यांच्या संघांचे दिवस तेव्हा सरत आले होते. साउथ मेलबर्न सिडनीला गेला होता; स्मिथ स्ट्रीटपलीकडचा शेजारी फिट्झरॉय 1996 मध्ये ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला. याच ब्रिस्बेनने 2001, 2002, 2003 चे झेंडे घेतले, शेवटचे दोन कॉलिंगवूडलाच हरवून. 2004 च्या ग्रँड फायनलला त्यांच्यासमोर पोर्ट अॅडलेड होतं. तेही मूळचे मॅगपाय, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, आणि त्या पट्ट्यांवरून दोघांचं जुनं भांडण. आजोबांनी आयुष्यात एकदाच पोर्टसाठी ओरडून घेतलं, ते त्या दिवशी. पोर्ट जिंकलं. मग हॉथॉर्नने 2013, 14, 15 केलं. 2016 मध्ये वेस्टर्न बुलडॉग्ज या संघाने त्यांना उपांत्य फेरीत घरी पाठवलं. आजोबांनी बुलडॉग्जचं अभिनंदन केलं, पण त्यात आभाराचा सूर जास्त होता.

हल्ली पुन्हा ब्रिस्बेनची पाळी आहे. 2024 आणि 2025, दोन झाले. 2023 च्या ग्रँड फायनललाही तेच होते आणि कॉलिंगवूडने त्यांना अवघ्या चार गुणांनी हरवलं. नाहीतर आज तीन झाले असते, आणि आजोबांची झोप उडाली असती. हे मी बोलून दाखवलं, तर म्हणाले, "आम्ही काय उगाच जिंकतो का?"