पोरं माझं ऐकतात, त्याचं काय

"पोरं तुमचं बरं ऐकतात हो! आमचं का नाही ऐकत?" नाशिकच्या सिडकोत आमच्या गल्लीतला किराणावालासुद्धा मला हे विचारतो. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

जादू काही नाही. रविवारी सकाळी सहाला पांडवलेणीच्या पायथ्याशी जमायचं, वर चढायचं, उतरल्यावर मिसळ, ज्याचे पैसे त्याने द्यायचे. दम लागलेला असताना पोरं फारसं खोटं बोलत नाहीत. शिवाय ती नापास झाली तर नाक माझं कापलं जात नाही. तुमच्या घरी राहायला आलो तर आठवड्याभरात माझंही ऐकणं बंद करतील.

पण ऐकतात, याचीच मला आता धास्ती वाटते.

एक मुलगा होता. तीन नंबरच्या लेण्यात खांद्यावर तुळया पेललेले यक्ष आहेत ना, ते वहीत काढत बसायचा. आम्ही खाली मिसळीपाशी, हा वरच. दहावीनंतर त्याला चित्रकलेला जायचं होतं. वडिलांनी मला गाठलं. "भाऊ, तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल." मी सांगितलं. आयटीआय कर, फिटरची दोन वर्षं काढ, हातात ट्रेड असला की माणूस उपाशी मरत नाही. चित्रं रविवारी काढ. त्याने ऐकलं. वाद नाही, रुसणं नाही. मला वाटलं, पोरगा शहाणा झाला. पहिल्याच वर्षी कानस मारून केलेला चौकोनी जॉब दाखवायला घरी आला. मी काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाला धरला. कुठूनही उजेड डोकावेना. हात असा त्याचा.

पुढे अंबडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागला. सात महिने झाले की ब्रेक. वर्षात २४० दिवस भरले तर सलग नोकरीचा हक्क सांगता येतो, म्हणून त्याआधीच घरी. परत बोलावलं तर नवा माणूस, नवं कार्ड. एका बुधवारी भर दुपारी त्रिमूर्ती चौकातल्या टपरीवर दिसला.

"आज सुट्टी का रे?"

"ब्रेक लागलाय, काका. आता महिनाभर रोज रविवारच."

हसत म्हणाला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. चहाचे पैसेही त्यानेच दिले.

मी १९८८ साली सातपूरच्या एमआयडीसीत लागलो आणि वर्षाच्या आत परमनंट झालो. त्याच भरवशावर बोललो होतो. चित्रकलेत तरी त्याला काय मिळालं असतं, हे स्वतःला शंभरदा विचारून झालंय. कदाचित काहीच नाही. पण तुला काय वाटतं, एवढं तरी विचारायचं होतं. त्या दिवशी मी बापाचा निरोप्या झालो.

परवा आणखी एका वडिलांचा फोन. "तुम्हीच समजवा त्याला." म्हटलं, रविवारी सहाला त्याला पाठवा आणि तुम्हीही या. ते म्हणाले, एवढ्या सकाळी नाही हो जमत.